वन्समोअर

त्या दिवशी सावली गावच्या मंडपात नाटकातल्या खलनायकानं लाकडी कुऱ्हाडीच्या जागी खरी आणली. पहिला घाव नायक झालेल्या गुणवंताच्या खांद्यात रुतला, दुसऱ्यानं मान तुटली आणि ऑर्गनवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताची चिळकांडी उडाली. सगळं साउंडवाल्या मिथुनच्या वेव्ह फाईलमध्ये टिपलं गेलं. आज पोलिसांना द्यायला तो तीच फाईल कमी जागा घेणाऱ्या फ्लॅक फॉरमॅटमध्ये बदलत होता. शेजारी गुणवंताची बायको साधना पदर मुठीत आवळून बसली होती.

"फाईल आकारानं अर्धीच झाली, मिथुनभाऊ. काही गळलं असंन ना यातलं?"

"नाई वैनी. एमपीथ्रीत बारीकसारीक आवाज उडते. यात सारं जसंच्या तसं राह्यते."

खात्रीसाठी त्यानं हेडफोन लावला. पहिला घाव. गुणवंताची किंकाळी, "खरी हाये रे, खरी हाये!" पब्लिकच्या टाळ्या. मग पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या आधी, ओळखीच्या बाईचा आनंदानं फुटलेला आवाज, "वन्समोअर!" आणि लगेच दुसरा घाव.

मिथुननं हेडफोन काढला. शेजारी बघायची त्याची छाती होईना.

"भाऊ," साधना हळूच म्हणाली, "ते एमपीथ्रीच करून देजा ना."