फडकं उचलायचं नाही

ओजाराने मोटरसायकलचा ब्रेक इतक्या जोरात दाबला की मागे बसलेली म्हातारी त्याच्या पाठीवर आदळली.

"अरे मुडद्या, मारतोस की काय मला? थांबू नकोस, मला पुढे काम आहे!"

"मावशी, तिकडे बघा!"

रस्त्याकडेच्या उंच गवतात एक माणूस मांडी धरून पडला होता. शेजारी गवत कापायचा कोयता. बोटांमधून लाल ओघळ वाहत होते. म्हातारी पटकन खाली उतरली.

सापडला! ओजाराला आनंदाने नाचावंसं वाटलं. गुलू शहरात भाड्याने सवारी नेणाऱ्या सगळ्या मोटरसायकलवाल्यांना प्रथमोपचार शिकवून झाल्यावर दवाखान्यातल्या सिस्टर लाकोत म्हणाल्या होत्या, "या आठवड्यात माझं कुणीतरी रस्त्यात रक्तबंबाळ होऊन पडणार आहे. असेल रंगच, पण तुम्ही रक्त समजायचं. हसलात किंवा 'ओळखलं' म्हणालात, की नापास." पास होणाऱ्याला पिवळं जाकीट मिळणार होतं, नाक्यावर मान मिळणार होता.

मागच्या खेपेला ओजारा नापास झाला होता. रक्त थांबलं का हे बघायला तो दाबलेलं फडकं सारखं उचलत होता. "गोठत आलेलं रक्त पुन्हा सुटतं, गाढवा!" सिस्टर ओरडल्या होत्या. तेव्हापासून नाक्यावर त्याचं नाव 'वाकूनबघ्या' पडलं. पण करणार काय? जित्याची खोड! झाकलेली टोपली दिसली की याचा हात झाकणावर गेलाच. आता ही शेवटची संधी होती.

"मावशी, डोक्याचं फडकं द्या."

"नवं आहे रे ते," म्हणत म्हातारीने ते सोडूनही दिलं.

ओजाराने हातात प्लास्टिकची पिशवी चढवली, फडक्याची घडी जखमेवर ठेवली आणि सगळा भार टाकून दाबली.

"मेलो रे," तो माणूस कण्हला. "माझी पोरं..."

काय नट आहे पठ्ठ्या! ओजाराने मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. चेहऱ्यावर घामसुद्धा आणलाय. आणि ओघळ कोमट लागतोय, म्हणजे रंग गरम पाण्यात कालवलेला दिसतो. सिस्टर म्हणजे भलत्याच हुशार बाई! पण रंग सोडणारी नळी कुठे लपवली असेल? मांडीखाली? जराशी कड उचलली तर दिसेल. कोण बघतंय?

त्याची बोटं शिवशिवली.

"थांबलं का रे? उचलून बघ की!" म्हातारी कळवळून म्हणाली.

"नाही मावशी! अजिबात बघायचं नाही," ओजारा इतका खेकसला की तो स्वतःच दचकला. ते तो तिला कमी आणि स्वतःला जास्त सांगत होता.

फडकं भिजलं. त्याने ते तसंच ठेवून वर आपला शर्ट दाबला. हात भरून आले, मानेवर माश्या बसल्या, तरी तो हलला नाही. ओघळ मंदावला तेव्हा त्याने शर्टाच्या बाह्या मांडीभोवती घट्ट बांधल्या. दोघांनी मिळून माणसाला गाडीवर मधे बसवलं.

"मावशी, तळवा इथे दाबून धरा. जग बुडालं तरी काढायचा नाही."

"नाही काढत. तू हाण गाडी!"

म्हातारी वाटभर त्या माणसाच्या कानाशी बोलत होती. "झोपू नकोस लेकरा. पोरांची नावं सांग बघू मला." तो एकेक नाव सांगत होता, आवाज बारीक होत चालला होता. ओजाराने हसू कसंबसं दाबलं. ही बिचारी भोळी, हिला सगळं खरंच वाटतंय!

दवाखान्यात दोघांनी त्या माणसाला उचलून धावत आत नेलं. ओजारा उघड्या अंगाने, कोपरापर्यंत लाल होऊन दारात उभा राहिला. सिस्टर लाकोत बाहेर आल्या तसा तो खुलला.

"सिस्टर, एकदाही उचललं नाही! काढा जाकीट. आणि आता तरी सांगा, नळी कुठे लपवली होती?"

सिस्टरचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या म्हातारीकडे बघत होत्या. "अर्येमो, तू इथे कशी?"

म्हातारीने झग्याआड हात घातला, लाल पाण्याने भरलेली, अजून न फुटलेली पिशवी काढली आणि ओजाराच्या हातात ठेवली.

"बाळा, आज रस्त्यात पडायचं होतं ते मला."