घरातला एकच पंखा

अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेतल्या भावाने श्रीकांतला शाळेच्या पाटीएवढ्या एकाच बोर्डावर मावणारा कॉम्प्युटर पाठवला. कलकत्त्याला बालीगंजच्या फ्लॅटमध्ये त्याची थाटात स्थापना झाली, पण वैशाखातल्या दुपारी ते यंत्र हटकून चुकीची उत्तरं द्यायचं. “तापतंय बिचारं,” असं निदान करून श्रीकांतने घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्याकडे वळवला, शेजारी बर्फाची परात ठेवली आणि स्वतः घामाने निथळत आकडे भरत राहिला. उत्तरं चुकतच राहिली. रविवारी ऑफिसातले साहेब मुद्दाम यंत्र बघायला येणार होते, आणि शनिवारी दुपारी श्रीकांतने हात टेकले.

“याला कलकत्त्याची हवा मानवत नाही. परत पाठवतो,” म्हणत तो चटईवर आडवा झाला.

हेमाने पंखा नवऱ्याकडे फिरवला, त्याची वही उघडली आणि त्या उकाड्यात सगळे आकडे स्वतः भरले. उत्तर बरोबर आलं. पुन्हा भरले, पुन्हा बरोबर.

“अहो, घामाने तुमचा चष्मा घसरतो,” ती म्हणाली, “आणि तुम्ही तिनाच्या जागी आठ दाबता.”

रविवारी साहेब डमडमहून आले, तेव्हा यंत्र कोपऱ्यात पंख्याशिवाय बिनचूक चाललं होतं. श्रीकांत ओशाळून पंख्यासमोर बसला होता.

“वहिनी, हे फार तापतं म्हणे?” साहेबांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

 

“छे हो, यंत्र कुठलं तापतंय,” हेमा म्हणाली. “हे तापतात.”