चाकाखालच्या फळ्या

अर्धांगवायूनंतर डेल्मरच्या उजव्या हातात स्टिअरिंग धरण्याइतकंही बळ उरलं नव्हतं, म्हणून त्या उन्हाळ्यात त्यांचं चाकांवरचं घर पहिल्यांदाच ऑर्फाने चालवत ब्लॅक हिल्सच्या डोंगरात आणलं. शेजारी बसलेला नवरा वाटभर तिच्या चुका काढत होता. पाण्याचा पाइप विसरलीस, डबे उघडायचा ओपनर विसरलीस. अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर पोचल्यावर कळलं, उतारावर गाडी सपाट बसावी म्हणून चाकांखाली घालायच्या फळ्याही घरीच राहिल्या आहेत.

"झालं! आता झोपेत लोळत पलंगावरून खाली पडू," डेल्मर म्हणाला. "सपाट जागा एकच उरलीय, त्या दोन पाइनच्या मध्ये. तिथे गाडी उलटी घालणं मलासुद्धा जमलं नसतं. आणि मला खाली उतरून तुला हाताने खुणाही करता येणार नाहीत. चल परत घरी, ऑर्फा."

आजूबाजूची मंडळी खुर्च्या वळवून गंमत बघायला बसलीच होती. ऑर्फाने दोन्ही आरसे नीट केले, रिव्हर्स टाकला आणि तीस फुटी गाडी एका दमात झाडांच्या मधोमध नेऊन उभी केली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. खुर्च्यांवरून टाळ्या उठल्या.

डेल्मर तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, हे तू शिकलीस कधी?"

"वा रे वा! छत्तीस वर्षं गाडीमागे, तुझ्या आरशात दिसेन अशी उभी राहून 'अजून मागे, आता डावीकडे' असं ओरडत कोण होतं?"