कळसूबाईची ओटी

पहिल्या शिडीपाशी वनमालाबाईंनी सुनेचा दंड धरला.

"सावकाश गो. जमाचा नाय तर हयसूनच पाया पडया."

"जमतंय, आई," श्रुतिका म्हणाली आणि तिने लोखंडी पायरीवर पाय ठेवला.

शिडी कातळाला जवळजवळ उभीच टेकवलेली होती. हाताखालचं लोखंड गार होतं. मध्यावर पोचल्यावर श्रुतिकाने खाली पाहिलं. पायथ्याच्या बारी गावाची घरं काड्यापेटीएवढी दिसत होती. तिला भीती वाटली नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं.

लग्न झाल्यापासूनची बरीच वर्षं तिने नुसतं जपून राहण्यात घालवली होती. मूल व्हावं म्हणून घाटकोपरच्या एका दवाखान्यात उपचार चालले होते. पोटात इंजेक्शनं, मग टेबलावर झोपणं, मग अंथरूण. वजन उचलायचं नाही, धावायचं नाही, मेट्रोचा जिना चढायचा नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. लग्नाआधी हीच पोरगी भटवाडीच्या संघातून कबड्डी खेळायची, अंगावर पडलेल्या दोघी-तिघींना ओढत मधल्या रेषेला हात लावायची. आता घरात तो विषय कोणी काढत नसे. तिसऱ्या खेपेची तारीख सोमवारची ठरली, तेव्हा सासूबाई नवस बोलल्या: त्याआधी सुनेने चालत जाऊन कळसूबाईची ओटी भरायची. तिच्या नवऱ्याने, नितेशने, कपाळाला आठ्या घातल्या, पण देवीच्या कामाला नाही कसं म्हणणार? त्याला रजा मिळाली नाही, म्हणून दोघीच आल्या. जिना बंद असलेल्या पायांना महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर मोकळं झालं.

शिडी संपली तेव्हा तिला धाप लागली होती, मांड्या भरून आल्या होत्या. पण ही धाप ओळखीची होती. सामना संपल्यावर अशीच लागायची. तिने हात खाली देऊन सासूबाईंना वर ओढून घेतलं.

वर एका बाईने प्लास्टिक ताणून सरबताचं दुकान मांडलं होतं. वनमालाबाईंनी बसता बसता तिला विचारलं, "देवी नवसाक पावता मा?"

"पावती की. पण लई मानी," सरबतवाली लिंबू पिळत म्हणाली. "ही कळसू पाटलाच्या घरी कामाला होती, म्हणत्यात. झाडलोट अन् भांडी करणार नाही, असं आधीच बोलून ठेवलेलं. एक दिवस तेच काम सांगितलं, तशी उठली अन् डोंगरावर आली. पुन्हा काय खाली गेली नाही."

"आणि लोक तिच्याकडे मुलं मागतात?" श्रुतिकाने विचारलं.

"देवीबद्दल असा बोला नये," वनमालाबाई म्हणाल्या. सरबतवाली मात्र हसली.

शेवटच्या शिडीवर वाऱ्याने गाठलं. वनमालाबाई अर्ध्यात थांबल्या. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून त्यांनी डोळे मिटून घेतले. ना वर, ना खाली. श्रुतिका त्यांच्या मागे चढली, दोन्ही बाजूंनी हात लावून तिने त्यांना आपल्या अंगाच्या आत घेतलं.

"चला, आई. पडलात तर माझ्यावर पडाल."

"तुका लागात गो."

"लागू दे."

एकेक पायरी करत दोघी वर पोचल्या. शिखरावरचं देऊळ लहान, आत जेमतेम दोघी-तिघी मावतील एवढं. श्रुतिकाने देवीला कुंकू लावलं, खण-नारळाने ओटी भरली आणि डोळे मिटून बसली. खूप वेळ बसली. वनमालाबाई बाहेर येऊन कट्ट्यावर टेकल्या, तरी ती आतच होती.

ती बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मागलंस मा?"

"नाही."

"मगे इतको येळ काय बोलत होतंस?"

"सांगत होते तिला. आता मी त्या टेबलावर झोपणार नाही. पुरे झालं."

वनमालाबाईंचा चेहरा उतरला.

"माका नातू बघूचो होतो."

"मलाही हवं होतं, आई. तुमच्यापेक्षा जास्त." श्रुतिका त्यांच्या शेजारी बसली. "दोनदा गेलं तेव्हा सगळे म्हणाले, पुढच्या वेळी होईल. माझं काय झालं, ते कोणी विचारलं नाही."

तेवढ्यात श्रुतिकाचा फोन वाजला. नितेश होता.

"झालं दर्शन? आता उतरताना जपून हां. सोमवारी—"

"नितेश, सोमवारचं रद्द कर. मी येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यापुढे नाहीच. घरी आल्यावर नीट बोलू. पण माझं ठरलंय."

तो म्हणाला, "वर जाऊन डोकं फिरलं काय तुझं? आईला दे फोन."

तिने फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्याकडे न बघता बुटाची नाडी आवळायला घेतली. वनमालाबाईंनी फोन कानाला लावला. नितेश बोलत होता, बोलतच होता. शब्द कळत नव्हते, पण त्याचा चढलेला आवाज तिथपर्यंत ऐकू येत होता. त्यांनी त्याला मध्ये तोडलं नाही. सगळं बोलून होऊ दिलं.

"माका कित्याक इचारतंस?" मग त्या म्हणाल्या. "ती हयच बसली आसा. तिकाच इचार."

आणि त्यांनी फोन सुनेच्या हातात परत दिला.