काढून ठेव

नव्या घरात दोन कपाटं मावणार नव्हती, म्हणून कालिंदीबाईंनी कपाळाला आवराआवरीची पट्टी लावून घेतली होती. टाकायच्या वस्तूबरोबर तिची आठवणही ती पट्टी डोक्यातून पुसून टाकी, म्हणजे मागाहून हळहळ नको. तिच्याशी बोलायचे शब्द दोनच होते, ‘ठेव’ किंवा ‘काढ’.

सकाळपासून काम सपाट्याने चाललं होतं. चाळीस वर्षं जमवलेल्या अत्तराच्या कुप्या निघाल्या, कशिद्याचे नमुने निघाले, आणि त्यांना उलट हलकंच वाटत होतं. मग कपाटाच्या तळाशी पिवळा स्वेटर हाताला लागला. आठव्या वर्षी तापाने गेलेल्या लेकाचा, श्रीरंगचा.

त्यांनी तो नाकाशी धरला. श्रीरंग शाळेतून यायच्या आत करंज्या संपू नयेत म्हणून त्या लेकीला, रेणुकाला, जे बजावायच्या, तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“एवढं काढून ठेव हं.”

पट्टीने त्यातला ‘काढ’ तेवढा पकडला. कपाळ क्षणभर गरम झालं. “काढलं,” पट्टी म्हणाली.

कालिंदीबाईंनी हातातल्या स्वेटरकडे पाहिलं, कुणाचा कोण जाणे म्हणून घडी घातली आणि तो टाकायच्या ढिगावर ठेवला.

रेणुका चहा घेऊन आली ती दारातच थबकली. “आई, अगं, हा श्रीरंगचा आहे.”

“कोण गं?” पुढचा खण उघडत कालिंदीबाई म्हणाल्या. “बरं, टाकू नकोस मग. लोकर चांगली आहे, कुणाच्या तरी मुलाला होईल.”