पालीच्या पायाची पट्टी

शिरूरच्या कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक शेजारच्या टेबलापर्यंत आले, तेवढ्यात हरिबा आबांनी लोकर कातरायच्या कात्रीला लावतात तसा चिमूटभर भंडारा नातीच्या, सोनमच्या, पट्टीवर चोळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" पालीच्या पायासारख्या, डिंकाशिवाय काचेला चिकटणाऱ्या त्या पट्टीच्या बारीक केसांत हळद भरली होती. सोनमने टेबलामागच्या उभ्या काचेवर दाबताच पट्टी घसरली. "आबा, धुवावी लागंल." "देवाचा भंडारा धुतीस व्हय?" तिने बाटलीतलं पाणी पट्टीवर ओतलं. पिवळे ओघळ आबांच्या पायांपर्यंत गेले. पट्टी पंख्यापुढे वाळवून पुन्हा काचेवर, डोक्याच्या वर दाबली. "माणसाचं वजन पेलेल?" परीक्षकांनी विचारलं. आबा पुढे झाले. पट्टीला बांधलेली दोरी दोन्ही हातांनी धरून त्यांनी पाय उचलले. पट्टी हलली नाही. डोळे मिटून, अधांतरी लटकत आबा ओरडले, "सोनमच्या नावानं चांगभलं!"