पहिली ओळ

फाइल परत आली. पुन्हा तेच, पेपर तपासणाऱ्या बाईंसारखं लालभडक अक्षरांत: 'इनव्हॅलिड हेडर, लाइन वन.' म्हणजे पहिलीच ओळ चुकली. पुढचं वाचायचे कष्टसुद्धा जर्मनीतल्या कॉम्प्युटरनं घेतले नव्हते.

पूर्णिमाला वाटलं, की-बोर्ड उचलावा आणि खिडकीतून थेट कर्वे रोडवर भिरकावून द्यावा.

कंपनीची सुट्या भागांची यादी आजवर जर्मनीला सीडीवर जायची, तीही कुरिअरनं. हे नवं सॉफ्टवेअर घ्या, एका क्लिकमध्ये जाईल, असा हट्ट पूर्णिमानंच धरला होता. म्हणून पहिल्या फाइलचा मानही तिचाच. सकाळी नवाकोरा ड्रेस घालून, सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन तिनं कामाचा श्रीगणेशा केला होता. आणि तेव्हापासून हे असं.

तिचे साहेब शरच्चंद्र दर चहाला डोकावून जात होते. "पूर्णिमाबाई, फाइल जर्मनीला पाठवायची आहे, सासरी नाही. एवढे आढेवेढे कशाला?"

सगळं ऑफिस खिदळलं. जाता जाता साहेब हेही सांगून गेले, की आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर उद्यापासून पुन्हा सीडी, आणि जर्मनीचं काम दुसऱ्या कुणाकडे.

तिनं पासवर्ड बदलला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मॅन्युअलमधली ओळ आणि फाइलमधली ओळ बोट ठेवून ठेवून ताडून पाहिली. भाग क्रमांक, नाव, वजन. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. आता रडूच येणार होतं, पण साहेबांसमोर? छे.

शेवटी तिनं सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बुद्धभूषण नावाच्या इंजिनिअरनं सगळं इतकं शांतपणे ऐकून घेतलं, की तिला आणखीच राग आला. त्यानं पहिली ओळ वाचायला सांगितली. तिनं वाचली. बरोबर होती. त्यानं पुन्हा वाचायला सांगितली. तिनं दातओठ खात पुन्हा वाचली.

मग त्यानं विचारलं,

"मॅडम, हिच्या वर काय आहे?"

"अहो, वर कुठे काय?" पूर्णिमा वैतागून म्हणाली. "वर नुसतं श्री आहे."